उसने गणगोत

सरकारी नोकराच्या हाती बदलीचा हुकूम पडला म्हणजे त्यास दोन गोष्टींचा एकदमच उलगडा होतो. आपण जमविलेल्या सामानापैकी निम्मे निरुपयोगी आहे ही एक. आणि ज्यांस आपण नुसते शेजारी समजत होतो ती माणसे फार उपयोगाची होती ही दुसरी. नव्या गावी दूधवाला कोण, रात्री-अपरात्री दार उघडणारा डॉक्टर कोठे राहतो, गॅसचा सिलिंडर येईतो चहा कोणाकडे घ्यावयाचा, या प्रश्नांची उत्तरे हुकमात लिहिलेली नसतात. ती समोरच्या दारातून येतात. रक्ताचे गणगोत दूर असता उसन्या गणगोतावर संसार कसा चालतो, हे महाराष्ट्राबाहेर बिऱ्हाडे मांडणाऱ्या वाचकांस आम्ही सांगावे असे नाही. आज लिहावयाचे आहे ते आपल्याहूनही एकाकी अशा प्रवाशांविषयी. अपत्यप्राप्तीच्या उपचारासाठी स्वदेश सोडून परमुलखात येणाऱ्या जोडप्यांविषयी.

२०१८ ते २०२३ या काळात आमची नेमणूक कोलकात्यास होती आणि बिऱ्हाड होते शहराच्या पूर्वेकडील बायपास रस्त्यालगत, मुकुंदपूर भागात. तेथे मोठमोठी रुग्णालये आहेत आणि त्यांच्या मागील गल्ल्यांत अतिथिगृहांची दाटी आहे. त्या काळी या अतिथिगृहांतील खोल्या बव्हंशी बांगलादेशातून आलेल्या रुग्णांनी भरलेल्या असत. कोणी पेट्रापोलची सीमा ओलांडून बसने येई, कोणी २००८ साली सुरू झालेल्या मैत्री एक्सप्रेसने ढाक्याहून, तर कोणी २०१७ पासून धावू लागलेल्या बंधन एक्सप्रेसने खुलन्याहून. भाषा एकच असल्याने दुकानांच्या पाट्या त्यांस वाचता येत. हृदयाचा रुग्ण आला म्हणजे त्याच्यामागून मुलगा, जावई, मेहुणा अशी पलटण येई व अतिथिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात भाताची भली मोठी पातेली चढत. पण काही खोल्यांत दोघेच असत. वय तिशीचे, हातात जाडजूड फाईल, आणि ‘कोणाला काय झाले आहे?’ असे सहज विचारताच दोघांचीही दृष्टी जमिनीकडे.

असे उपचार त्यांच्या देशात होत नाहीत असे नाही. तरीही माणसे सीमा ओलांडून येत, त्यास पुष्कळ कारणे होती. एका डॉक्टराने आशा सोडली की दुसऱ्याची कीर्ती कानी येते, प्रवास एका दिवसाचा, भाषा आपली. पण सर्वांत मोठे कारण, आम्हांस हळूहळू उमगले ते असे की येथे त्यांस कोणी ओळखत नसे. घरी कोणी पित्ताशयातील खड्यांचे निमित्त सांगून आलेला असे, कोणी अजमेरच्या यात्रेचे. आपल्याकडे तरी निराळे काय आहे? लग्नास दोन वर्षे झाली की प्रत्येक मुंजीत आणि बारशात ‘काय, पेढे कधी?’ हा प्रश्न तयारच असतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण ज्यांस उत्तर द्यावयाचे असते ती दोघे पुढच्या समारंभास येत नाहीत. परमुलूख अशा माणसांस त्या प्रश्नापासून सोडवितो. मात्र त्याची किंमत तो घेतोच. प्रश्न विचारणाऱ्या मावशीबरोबर पथ्याचे जेवण रांधणारी मावशीही सीमेपलीकडे राहते. गुप्तता मिळते ती मदतीचे हात गमावून, आणि नेमका हा उपचार असा की त्यास हातांची गरज फार.

ज्यांस माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेस्ट ट्यूब बेबी म्हणून ज्यास आपण ओळखतो त्या उपचाराच्या एका फेरीत स्त्रीस साधारण दहा-बारा दिवस रोज इंजेक्शने घ्यावी लागतात. मधूनमधून रक्ताची व सोनोग्राफीची तपासणी. मग स्त्रीबीजे काढतात, प्रयोगशाळेत त्यांचे फलन होते, तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी गर्भ गर्भाशयात सोडतात, आणि त्यानंतर सुमारे पंधरवड्याने रक्त तपासून निकाल कळतो. म्हणजे जेमतेम महिन्याचे बिऱ्हाड. रुग्णालयात यांपैकी फार थोडे तास जातात. बाकी सर्व काळ खोलीत काढावयाचा असतो, आणि त्या खोलीची चिंता कोणाच्याही केसपेपरवर नसते.

आमचा या व्यवहारात प्रवेश झाला तो फ्रिजमुळे. एके संध्याकाळी समोरच्या अतिथिगृहातील एक तरुण स्त्री दारात येऊन सौ.ना म्हणाली, “बौदी, हा डबा तुमच्याकडे ठेवाल का?” बौदी म्हणजे वहिनी. डब्यात इंजेक्शने होती. त्यांपैकी बरीचशी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागतात, आणि अतिथिगृहाच्या सामाईक फ्रिजमध्ये दहा खोल्यांचे मासे भरलेले. सौ.नी डबा मधल्या कप्प्यात ठेवला. बर्फाच्या कप्प्यात गोठून औषध बिघडते, आणि दारातील फळीवर ऊन-थंड होत राहते म्हणून. चैत्र-वैशाखात कालबैसाखीचे वादळ उठून वीज गेली की थर्मासमध्ये बर्फ भरून तयार ठेवावयाचे, हेही ठरून गेले. पुढे आमची बदली होईपर्यंत तो कप्पा क्वचितच रिकामा राहिला.

दुसरी वस्तू घड्याळ. बीजे काढण्यापूर्वी एक शेवटचे इंजेक्शन असते, आणि त्यापासून सुमारे ३६ तासांनी बीजे काढावयाची असतात. सोमवारी रात्री दहाला सुई टोचली तर बुधवारी सकाळी दहाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर. वेळ चुकल्यास बीजे आपोआप सुटून हातची जाण्याचा संभव. आता बांगलादेशचे घड्याळ आपल्याहून अर्धा तास पुढे. मोबाईल आपली वेळ आपणच बदलून घेतो, पण मनगटावरचे घड्याळ ढाक्याचीच वेळ दाखवीत राहते, आणि घरून आईचा फोन येतो तोही तिकडच्याच वेळेने. एका जोडप्याने कोणत्या दहाला टोचावयाचे यावरून खोलीत मोठाच वाद घातला. दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातून एक भिंतीवरचे घड्याळ आणले, त्याच्याखाली ‘कोलकाता’ अशी चिठ्ठी चिकटविली आणि अतिथिगृहाच्या मालकास ते टांगावयास सांगितले. आमच्या सरकारी कारकीर्दीत आम्ही काढलेल्या कोणत्याही परिपत्रकाचे इतके काटेकोर पालन झाले नाही.

तिसरी गरज एका जास्तीच्या माणसाची. वैद्यकीय व्हिसावर येणाऱ्या रुग्णाबरोबर दोन सोबती येऊ शकतात, असा नियम आहे. पण ज्यांनी घरी सांगितलेलेच नाही ते दुसरा सोबती कोठून आणणार? बीजे काढतात त्या सकाळी स्त्री भुलीच्या अमलाखाली असते. नवऱ्यास त्याच वेळी स्वतःचा नमुना द्यावयाचा असतो, संमतिपत्रांवर सह्या करावयाच्या असतात, पैसे भरावयाचे असतात. तिच्या चपला, चष्मा आणि फाईल घेऊन बाकावर बसणारे कोणी तरी लागते. सौ. कितीदा तरी त्या बाकावर बसल्या. घरी आणल्यावर मऊ खिचडी, आणि रात्रभर लक्ष. पोट फुगत चालले, उलट्या थांबेनात, श्वास लागू लागला किंवा लघवी कमी झाली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावयाचे. ही लक्षणे, डॉक्टरांचा रात्रीचा फोन क्रमांक आणि ओळखीच्या टॅक्सीवाल्याचा क्रमांक एका कागदावर लिहून आम्ही तो पलंगाजवळ लावीत असू.

आमचे स्वतःचे साहाय्य म्हणाल तर ते कागद वाचण्याचे. आयुष्यभर आम्ही दुसरे केले काय? परदेशी पाहुणा उतरला की ठेवून घेणाऱ्याने २४ तासांत सरकारास कळवावयाचे असते. अतिथिगृहवाल्याने ते केले की नाही हे आम्ही पाहत असू. उपचाराच्या खर्चाचा अंदाज लेखी घ्या, त्यात औषधे, भूल आणि गर्भ गोठवून ठेवण्याचे शुल्क धरले आहे का ते विचारा, पावती घेतल्यावाचून पैसे देऊ नका, असे सांगत असू. गल्लीत दलाल फिरत. मुलगाच होईल अशी हमी देणाऱ्यास आम्ही १९९४ चा कायदा ऐकवीत असू, कारण लिंगनिवड हा या देशात गुन्हा आहे. २०२१ चे दोन कायदे आल्यावर आणखी एक काम वाढले. केंद्राची नोंदणी हवी. स्त्रीचे वय २१ ते ५० व पुरुषाचे २१ ते ५५ यांच्या दरम्यान हवे. आणि दुसरीच्या उदरी मूल वाढविण्याची सोय परकीयांस येथे नाही. हे आधी कळले तर माणूस शेत विकून आल्यावर परत जात नाही.

शेवटचा पंधरवडा सर्वांत कठीण. नवऱ्याची रजा संपते व तो परततो. स्त्री मागे राहते, कारण घरी जावे तर प्रश्न. पडून राहिल्याने यशाचा संभव वाढत नाही असे डॉक्टर सांगतात, तरी ती छताच्या पंख्याकडे पाहत पडून राहते. एका फेरीत यश येण्यापेक्षा न येणेच अधिक वेळा घडते, हेही तिला ठाऊक असते. अशा वेळी सौ.चा एकच दंडक होता: भाजी निवडावयास बोलवावयाचे, बाजारात न्यावयाचे, आणि काहीएक विचारावयाचे नाही. बातमी असेल तर ती सांगेल. ज्या प्रश्नाला भिऊन ती देश सोडून आली तोच आपण विचारला, तर आपण कोलकात्यात असून तिला उपयोग काय?

ज्या शहरात ही माणसे येत, त्याच शहरात या विद्येचा भारतातील पहिला अंकुर फुटला आणि तेथेच तो तुडविला गेला. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात ‘दुर्गा’ जन्मली. इंग्लंडात लुईस ब्राऊन जन्मल्यास तेव्हा सत्तर दिवस झाले होते. गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवून मग त्यांनी तो आईच्या उदरी सोडला होता. सरकारी चौकशी समितीस ते पटले नाही. जपानातील परिषदेस जाण्याची परवानगी मिळाली नाही. १९८१ मध्ये त्यांची बदली झाली ती नेत्रविज्ञानाच्या संस्थेत, आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आपले जीवन संपविले. बदलीच्या हुकमाने माणूस कोठपर्यंत लोटला जाऊ शकतो, हे आम्हां नोकरांस या एका ओळीवरून कळावे. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी हर्षाचा जन्म झाला व पहिलेपणाचा मान मुंबईकडे आला. परंतु १९९७ मध्ये याच आनंदकुमारांनी कोलकात्यास येऊन मुखोपाध्यायांची टिपणे वाचली आणि पहिला मान आपला नव्हे, त्यांचा, असे जाहीरपणे सांगितले. मुखोपाध्यायांच्या हयातीत त्यांचे कागद इतक्या सरळ मनाने वाचणारा परका माणूस भेटता तर काय झाले असते, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

गोठविलेल्या गर्भाचा हा विषय आम्हांस आता निराळ्या कारणाने जवळचा वाटतो. जानेवारी २०२३ मध्ये खुलन्याकडील एका जोडप्याची पहिली फेरी निष्फळ झाली. दोन गर्भ गोठवून ठेवले होते. पैसे साठवून पुन्हा यावयाचे असे ठरवून दोघे परतली; त्याच वर्षी आमची दिल्लीस बदली झाली. जुलै २०२४ मध्ये दोन्ही देशांमधील आगगाड्या थांबल्या आणि ऑगस्टनंतर व्हिसा मिळणे फारच दुरापास्त झाले. त्या हिवाळ्यात तिचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, “दादा, आमचे दोघे तिकडेच राहिले.” कोण दोघे, हे समजावयास आम्हांस क्षणभर लागला.

आम्ही काय करणार? केंद्राकडून उपचार अपुरा असल्याचे पत्र मागवा, ते वैद्यकीय व्हिसाच्या अर्जास जोडा, साठवणीच्या शुल्काच्या पावत्या जपून ठेवा, इतके सांगितले. भारतीय कायद्याप्रमाणे गर्भ दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो, म्हणजे मुदत २०३३ पर्यंत आहे, हेही सांगितले. दहा हा आकडा तिने दोनदा म्हणवून घेतला. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी तिचा फोन येतो. सौ. तिच्याशी पावसाच्या आणि माशांच्या गोष्टी बोलतात, अर्जाचे काय झाले ते विचारीत नाहीत. ते ती शेवटी आपणहून आम्हांस सांगते व आम्ही पुढचा कागद कोणता ते सांगतो.

वाचकांपैकी पुष्कळांची बिऱ्हाडे दिल्ली, चेन्नई, बंगळूर अशा शहरांत असतील. तेथेही रुग्णालयांच्या मागील गल्ल्यांत अशी दोघे-दोघे उतरलेली असतात. कोणाची भाषा अरबी, कोणाची फारसी, कोणाची आफ्रिकेतील. त्यांस घरी ठेवून घ्यावयाची गरज नाही. फ्रिजमधील एक कप्पा रिकामा करावा, बाकावर एक सकाळ बसावे, एखादा कागद वाचून द्यावा, आणि निकालाची चौकशी करू नये. परगावी आपल्याशी कोणी तरी असेच वागले म्हणून आपण तेथे टिकलो. त्याची फेड त्यांस करण्याची संधी बदलीच्या माणसास सहसा मिळत नाही, कारण तोवर दोघांच्याही बदल्या झालेल्या असतात. ती समोरच्या दारात जो कोणी उभा असेल त्यास करावी, हेच बरे.