काकांच्या परसातली भिंत

गेल्या दिवाळीत मुलांना घेऊन बीदरला काकांकडे गेले होते. घर पठाराच्या उतारावर आहे. परसातली माती घसरू नये म्हणून तिथे कमरेइतकी लाकडी भिंत होती. आजोबांचं माळवद पाडलं, तेव्हा निघालेली सागवानी खांडं रचून बाबांनी आणि काकांनी ती उभी केली होती. बाबा गेल्यावर काका तिला कुणाला हात लावू देत नव्हते.

या वेळी ती पार पुढे झुकली होती. धाकट्याने काठी टोचली, तर ती सरळ आत शिरली आणि भुशासकट काळे मुंगळे बाहेर आले.

"काय बघायलास? लाकूड खात नाहीत ते," काका म्हणाले. खरंच आहे. वाळवी लाकूड खाते. मुंगळे ते पोखरून घर करतात, आणि त्यांना ओलं, मऊ झालेलं लाकूड सोपं जातं. म्हणजे मूळ दुखणं पाण्याचं. पावडर मारली तरी ओल राहिली की ते परत येतात.

दुसऱ्या दिवशी किल्ला पाहिला. रंगीन महाल सोळाव्या शतकात अली बरीदशहाने नव्याने बांधून घेतला. तिथले कोरीव लाकडी खांब अजून उभे आहेत. मुलांनी विचारलं, हे कसे टिकले? काका म्हणाले, "डोक्यावर छप्पर आहे, मातीत पुरलेले नाहीत."

मग नौबादची सुरंग बावी पाहिली. जांभ्यातून झिरपणारं पाणी खालच्या काळ्या कातळावर थांबतं. बहमनी काळात तेच बोगद्यातून वाहून नेलं होतं. काका बराच वेळ तिथे गप्प उभे होते. परतताना त्यांनी स्वतःच गवंड्याला फोन लावला.

चार दिवसांत काम झालं. कुजलेली खांडं घरापासून लांब नेली. पाया खणून जांभ्याचे चिरे उताराच्या आतल्या बाजूला किंचित कलते रचले. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. चिऱ्यांमागे हातभर खडी भरली आणि तळाशी पाणी जायला भोकं ठेवली. छपराचं पाणी दुसरीकडे वळवलं, भिंतीला टेकलेलं सरपण हलवलं.

इकडे परदेशात आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरामागे अशी लाकडी भिंत असते. पावसाळ्यानंतर तिच्या पायथ्याशी भुसा दिसतो का, एकदा वाकून बघा. आधी पाण्याला वाट द्या, औषधाचं नंतर.

एक खांड मात्र ठणठणीत निघालं. काकांनी ते पुसून ओसरीत दोन चिऱ्यांवर ठेवलं. आता सकाळचा चहा ते त्यावर बसून घेतात.