काचेच्या कपाटातली मिरची

पुणे, पौष वद्य पंचमी.

पहाटेचा पारा दहा अंशांपाशी रेंगाळत असताना, ज्या बीजाला अंकुरण्यासाठी पंचवीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते त्या मिरचीने उघड्या गच्चीवर वेळेत उगवावे, ही अपेक्षाच अन्यायाची होती, हे दोन हंगाम वाया गेल्यावर माझ्या ध्यानी आले. आणि म्हणून वडिलांचे कायद्याच्या पुस्तकांचे दफ्तर ज्यात पन्नास वर्षे नांदले, ते काचेचे कपाट गृहस्वामिनीची मंजुरी न घेताच रिकामे करून मी पूर्वेच्या खिडकीशी नेले व आत साठ वॅटचा दिवा टांगून उष्णतेचा बंदोबस्त केला. अकराव्या दिवशी काथ्याच्या भुशातून पहिली मान वर आली. वाकलेली, संकोची, माथ्यावर टरफलाची टोपी तशीच.

परंतु ऊब आली की दमटपणा आलाच. काचेवर जलबिंदू साचले आणि आठवड्याभरात निम्मी रोपे बुडाशी काळवंडून आडवी झाली. उपाय साधा, दुपारी दार उघडे ठेवणे आणि पाण्याचा हात आखडता घेणे. पण मायेने पाणी घालणाऱ्याला तो उशिराच सुचतो. उरलेली एकवीस रोपे उजेडाकडे झुकतात, म्हणून त्यांचे तबक मी रोज सकाळी फिरवतो. पुस्तके अद्याप पलंगाखाली आहेत. त्याबद्दलची तक्रार आज पुन्हा दाखल झाली.