आठ साते छप्पन्न

५७ चे विभाजक चारच: १, ३, १९ आणि ५७. गोल ब्रिलियंट हिऱ्याचे पैलूही ५७ च. पण सुरतेच्या कतारगाममधला कारागीर हा आकडा भागायला घेत नाही. वरचे सपाट टेबल वगळले की उरतात ५६, म्हणजे आठ साते. गोलाचे आठ वाटे. प्रत्येक वाट्यात वर चार पैलू, खाली तीन.

घंटीवर, म्हणजे हिरे घासण्याच्या यंत्रावर, हे काम अर्ध्याअर्ध्याने चालते. तेल आणि हिऱ्याची भुकटी लावलेल्या फिरत्या चकतीवर आधी समोरासमोर चार पैलू बसतात, मग त्यांच्यामधले चार. हे झाले आठ. पुढे त्यांच्या कडांवर सोळा. दर थोड्या वेळाने हिरा उचलून भिंगाखाली धरायचा. पहिला पैलू केसभर रुंद झाला, तर आठव्याला जागा अपुरी पडते.

१६ चे विभाजक पाच: १, २, ४, ८, १६. त्यात तीनही नाही, सहाही नाही; म्हणजे गोलाचे सोळा भाग केले तर त्रिकोणी किंवा षट्कोनी खडा त्यांवर बसत नाही. रंगीत खड्यांना पैलू पाडण्याच्या यंत्रावर म्हणूनच खडा मोजून वळवायला बहुधा ९६ दातांचे चाक असते. ९६ म्हणजे पाच दोन आणि एक तीन यांचा गुणाकार. विभाजक बनवताना शून्यापासून पाचपर्यंत कितीही दोन घेता येतात, म्हणजे सहा पर्याय; तीन घ्यायचा किंवा सोडायचा, हे दोन. सहा दुणे बारा. कोणत्याही संख्येचे मूळ अवयव पाडावेत, प्रत्येकाच्या घातांकात एक मिळवावा आणि गुणाकार करावा. शाळेत हे सूत्र पाठ करून घेतात. तो ‘एक’ म्हणजे अवयव अजिबात न घेण्याचा पर्याय, हे सांगायचे मात्र राहून जाते.

विभाजक जोडीने येतात: १ आणि ९६, २ आणि ४८, शेवटी ८ आणि १२. पूर्ण वर्गात एकाची जोडी स्वतःशीच लागते. ३६ मध्ये ६ एकटा उरतो, म्हणून नऊ विभाजक.

शंभरापर्यंत बारापेक्षा जास्त विभाजक कोणालाच नाहीत. बारा आहेत ते ६०, ७२, ८४, ९० आणि ९६ यांना. स्वतः १०० ला नऊच, आणि शेजारच्या ९७ ला दोन. सोनाराचा जुना तोळाही ९६ गुंजांचा होता: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. पाव, अर्धा, तिसरा हिस्सा, सगळे अपूर्णांकाविना निघत. आपल्याहून लहान सर्व संख्यांपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांवर रामानुजन यांनी १९१५ मध्ये दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. ६० त्या मालिकेत येते. ९६ येत नाही, कारण बारा विभाजकांचा मान ६० ने आधीच घेतलेला.

९६ दातांच्या चाकावर षट्कोनी खड्यासाठी सोळा-सोळा दात मोजायचे, अष्टकोनीसाठी बारा-बारा. पंचकोनाला ते चालत नाही. तिथे ८० दातांचे चाक लावतात. सप्तकोनी खडा हवा असेल तर ७७ दातांचे, आणि ७७ चे विभाजकही चारच.