जीप जुनी, चाल नवी!

सिग्नलला शेजारी एखादी जुनी, चकचकीत पद्मिनी येऊन थांबली की काय होतं? लाल दिवा हिरवा होतो, तरी आपण बघतच राहतो. मागचा हॉर्न वाजवतो, तेव्हा कुठे भानावर येतो!

या जुन्या गाड्यांच्या दुनियेत एक शब्द भलताच हिट आहे, रेस्टोमॉड. म्हणजे रूप जुनं, आतला मामला नवा. कॅलिफोर्नियातली सिंगर ही कंपनी जुन्या पोर्शे ९११ अशाच नव्याने बांधून देते. किंमत विचारू नका, आपला ईएमआय लाजेल. मला मात्र या शब्दाचा खरा अर्थ कळला तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलमध्ये, आमच्या काकांच्या अंगणात.

काकांची जीप १९६८ची. महिंद्राने १९४७मध्ये विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली ही सीजे-३बी. हिचं बॉनेट जरा जास्तच उंच, कारण आतलं हरिकेन पेट्रोल इंजिनच उंच होतं. काकांनी ती लिलावात घेतली तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा होऊन वर्षच झालं होतं. (जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ला.) धानाची पोती, पाहुणे, वरातीतला नवरदेव, सगळं या जीपने वाहिलं.

पेट्रोल परवडेना, तेव्हा मिस्त्रींनी इंजिन उतरवून प्यूजोच्या परवान्याचं डिझेल इंजिन चढवलं आणि काकांनी आरसी बुकात त्याची रीतसर नोंद करून घेतली. तेव्हा कुणी त्याला रेस्टोमॉड म्हटलं नाही. त्याला म्हणायचे, 'डिझेल करून घेतली'. बस्स!

मागच्या वर्षी मी जीपचे फोटो मित्रांना पाठवले. ते फिरत फिरत पुण्यातल्या एका हॉटेलवाल्यापर्यंत पोचले. त्याला जीप हवी होती, चालवायला नाही, दारात उभी करायला. आकडा ऐकून मी खुर्चीत सरळ झाले. तेवढ्यात काकूंचं घरभाडं... सॉरी, औषधपाणी वर्षभर निघालं असतं. काकूंच्या कमरेचं दुखणं जुनं. पाटेवर आदळणाऱ्या जीपमध्ये बसायला डॉक्टरांनीच मनाई केली होती. काकूंचं माहेर गडचिरोलीला आणि गाडी दारात असून त्या एसटीने जायच्या.

मी काकांना म्हटलं, 'काका, देऊन टाका. नाहीतर निदान जशी होती तशी ओरिजिनल करू.'

काका म्हणाले, 'शोकेसमध्ये ठेवाले घेतली होती का मी? गाडी चालाले पायजे. अन् तुह्या काकूले बसता आलं पायजे.'

ओरिजिनलचा मुद्दा तसाही निकालात निघाला. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी. इंजिन, चासी, बॉडी यांत मोठा फेरफार नको. शिवाय अशी गाडी रोज वापरताही येत नाही. आमची तर कधीच डिझेल झालेली! म्हणजे कागदावर ती ना धड व्हिंटेज, ना धड नवी. पण गंमत बघा, वेळीच बदलली म्हणूनच ती टिकली.

मग काम सुरू झालं. तरुण मिस्त्रीने आधी सुचवलं, 'काकाजी, बोलेरोचं इंजिन टाकू, उडते गाडी!' काका नाही म्हणाले. २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने गाडीच्या मूळ तपशिलाला धक्का देणाऱ्या फेरफारांना मनाई केली, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. म्हणून आहे तेच इंजिन पूर्ण उघडलं. पंप, इंजेक्टर, पिस्टनच्या रिंगा, सगळं नीट केलं. जुना तीन गिअरचा बॉक्स जाऊन पाच गिअरचा आला. आधी साठच्या वेगाला इंजिन किंचाळायचं, आता पाचव्या गिअरमध्ये गुणगुणतं. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले. डिझेल इंजिन ब्रेक बूस्टरला पुरेशी व्हॅक्यूम देत नाही, म्हणून वेगळा पंप बसवला. पॉवर स्टिअरिंग आलं. पाटे बदलले, शॉकअब्झॉर्बर नवे, सीट बकेटच्या. चंद्रपूरचा मे महिना पंचेचाळिशी ओलांडतो, म्हणून रेडिएटर मोठा.

आणि एसी? कापडी टपाच्या जीपमध्ये एसी म्हणजे अंगणात कूलर लावून गाव थंड करण्यासारखं. काका म्हणाले, 'जंगलाची हवा आहे ना!'

पहिली लांब फेरी मूल ते गडचिरोली. काका ड्रायव्हिंगला, काकू शेजारी, मी मागे. सावली गेलं, व्याहाड आलं. वैनगंगेच्या पुलावर काका मोठ्याने म्हणाले, 'पाय, नदी कशी भरून वाहून राहिली!' उत्तर आलं नाही. काकूंना झोप लागली होती. चाळीस वर्षांत त्या जीपमध्ये पहिल्यांदा!

हॉटेलवाल्याला मी मेसेज केला : सॉरी, गाडी ड्युटीवर आहे.

तुमच्याही घरी अशी गाडी आहे?

• आधी ब्रेक आणि स्टिअरिंग, मग पॉवर. पळणाऱ्या गाडीला थांबताही आलं पाहिजे.

• काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी जुळलेच पाहिजेत.

• खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

• काढलेले जुने पार्ट भंगारात देऊ नका. उद्या कुणाला 'ओरिजिनल'ची हुक्की आली तर?