ज्याची त्याची वडी

अमेरिकेतील सामान्य कुटुंबाच्या रात्रीच्या जेवणात 'मीटलोफ' या पदार्थाचे स्थान अगदी घरगुती आहे. हा पदार्थ मुळात काटकसरीचा. खिम्यात दुधात भिजविलेला पावाचा चुरा, अंडे, बारीक चिरलेला कांदा व मीठमिरे मिसळावयाचे आणि पावाचा आकार देऊन ते भट्टीत भाजावयाचे. १९३० च्या दशकातील महामंदीत आणि पुढे १९४३ ते १९४५ या काळात युद्धापायी मांसाचे रेशनिंग झाले तेव्हा, थोड्या मांसात अनेकांची भूक भागविण्याचे काम या पदार्थाने केले. शिळ्या पावालाही येथे मान आहे, ही गोष्ट आम्हांस विशेष भावते.

अखंड मीटलोफ भाजावयास तासभर तरी लागतो. खिमा करताना मांसाच्या पृष्ठभागावरील जंतू सर्वत्र मिसळतात. म्हणून अगदी मध्यभागीही ७१ अंश सेल्सिअस उष्णता पोहोचावी लागते. यावर तेथील गृहिणींचा उपाय सोपा आहे. छोटे केक भाजण्याच्या १२ वाट्यांच्या साच्यात तेच मिश्रण भरावयाचे आणि वरून किंचित साखर घातलेल्या टोमॅटो केचपचा हात फिरवावयाचा. सुमारे ७०० ग्रॅम खिम्याच्या १२ वड्या होतात व १८० अंशांवर साधारण २५ मिनिटांत शिजतात. उष्णतेला आत शिरावयास अंतर थोडे, इतकेच त्यातले रहस्य.

काही वर्षांपूर्वी तेथील एका धर्मग्रामात उन्हाळ्याचे दोन महिने सेवा करण्याचा योग आम्हांस आला. एका विधवा परिचारिकेने आम्हांस जेवावयास बोलाविले होते. टेबलावर या वड्या होत्या. "रात्रपाळी असली की हे सोपे पडते, फादर," ती म्हणाली. तिची थोरली मुलगी हळूच म्हणाली, "बाबा होते तेव्हा मोठा लोफ व्हायचा. तो बाबाच कापायचे. ते गेल्यावर सुरी कुणी उचलेना." आई काही बोलली नाही, तिने प्रत्येकाच्या ताटात एक एक वडी ठेवली. जेवणापूर्वीची प्रार्थना धाकट्या मुलाने म्हटली. तीही पूर्वी वडीलच म्हणत असत, हे आम्हांस मागाहून कळले.

एकाच अन्नाचे तुकडे वाटून घेण्यातला भाव अशा सुट्या वड्यांत उरतो काय, असे कोणी विचारील. आमच्या मते उरतो. आपल्याकडील खिम्याचे पोटॅटो चॉप्सही सुटेच असतात. पण ते वळणारे हात एक आणि बसण्याची पंगतही एक. शिवाय, चुलीपुढची जी दीड घटका वाचली, ती त्या मातेला कामावर जाण्यापूर्वी मुलांजवळ बसावयास मिळत होती.

मृत्यू घरात केवळ रिकामी जागा ठेवून जात नाही. जाणाऱ्याच्या हातची लहानसहान कामेही अडवून ठेवतो. त्यांतले एखादे काम कोणीतरी उचलते, एखाद्याला वळसा घालावा लागतो. दोन्हींत प्रेमच असते. म्हणून, प्रिय वाचकहो, दुःखी घरी सांत्वनाचे शब्द घेऊन जाताना जेवणाच्या वेळी तेथे कोणते काम अडून राहिले आहे, तेही पाहावे. आणि जमल्यास तयार डबा घेऊन जावे.