टाकी ते टाकी

व्यापाऱ्याच्या घरात पैशापैशाचा हिशेब असतो असा लौकिक आहे. पण त्याच घरात मोटारीच्या पेट्रोलला स्वतंत्र खाते क्वचितच आढळते. हमालीची नोंद होते, टेम्पोच्या भाड्याची पावती फाइलला लागते, रिकाम्या बारदानाचाही मेळ बसवला जातो. घरच्या गाडीचे पेट्रोल मात्र ‘किरकोळ’ या उदार नावाखाली गडप होते. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत धान्याच्या घाऊक व्यापारात आयुष्य घालवलेल्या अण्णांच्या घरीही याहून वेगळे नव्हते. पेट्रोलसाठी वेगळी वही उघडण्याची वेळ आली ती तोंडवलीमुळे.

मालवणच्या उत्तरेस, आचऱ्याहून वायंगणीमार्गे गेले की तोंडवली लागते. पुढे तळाशीलकडे जमीन चिंचोळी होत जाते. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला गड नदीची खाडी, मध्ये माडांची व सुरूची झाडे आणि त्यातून जाणारा अरुंद रस्ता. अण्णांची मुलगी मालवण तालुक्यात वैद्यकीय सेवेत असून तिने तोंडवलीत घर भाड्याने घेतले आहे. जावई व्यापारी जहाजावर, सहा-सहा महिने समुद्रात. दोन मुले लहान. त्यामुळे महिन्यातून एकदा माईंनी तिकडे जाऊन आठ-दहा दिवस राहणे ही घराची गरज होऊन बसली. आणि माईंच्या मणक्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे एसटीचा प्रवास किंवा लहान गाडीतील धक्के त्यांना सोसत नाहीत. त्यांना सोसते ती एकच गाडी: अण्णांनी सांगलीच्या एका डॉक्टरांकडून अल्प किमतीत घेतलेली जुनी होंडा अकॉर्ड, तीन लिटरच्या, सहा सिलिंडरच्या इंजिनाची.

ही गाडी स्वस्तात मिळाली याचे कारण उघड होते. सहा सिलिंडर म्हटले की गिऱ्हाईक पेट्रोलच्या भीतीने मागे सरते. थोरल्या मुलाचा आक्षेपही तोच होता. “अण्णा, ही गाडी नाही, पेट्रोलची मोरी आहे. दिवाळीनंतर काढून टाकू या,” असे तो म्हणाला. गाडी गेली की माईंचे तोंडवलीला जाणे थांबणार, हे त्याला दिसत नव्हते असे नाही. पण महिन्याला नऊ हजारांवर जाणारा पेट्रोलचा आकडाही डोळ्यांआड करता येत नव्हता. अण्णांनी वाद घातला नाही. मुदत मागितली आणि वही उघडली.

मोजण्याची पद्धत जुनीच. एकाच पंपावर टाकी भरायची, नळी पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबायचे, किलोमीटरचा आकडा टिपायचा. पुन्हा भरताना जितके लिटर बसतील तितके मधल्या अंतरात खर्च झाले असे धरायचे. डॅशबोर्डवरील आकड्यावर अण्णांनी विश्वास ठेवला नाही, हे योग्यच. ज्याचा खर्च त्यानेच सांगितलेला हिशेब कोणता व्यापारी प्रमाण मानील?

पहिल्या महिन्याच्या नोंदी अशा: कोल्हापूर ते तोंडवली जाऊन-येऊन, तिथल्या फिरण्यासह, ३२२ किलोमीटर, ४३.१ लिटर, म्हणजे लिटरला साडेसात. शहरात २४० किलोमीटर, ४८ लिटर. म्हणजे लिटरला अवघे पाच. मुलाचा आरोप तोंडवलीच्या फेरीवर होता. वही सांगत होती की कमी अंतर चालूनही अधिक पेट्रोल शहरच पीत आहे.

याचे कारण इंजिनाच्या घडणीत आहे. पेट्रोल इंजिनात आत जाणारी हवा एका झडपेने अडवून वेग आवरला जातो. गर्दीत रांगत चालताना ही झडप जवळपास मिटलेली असते आणि मोठ्या इंजिनाची बरीच शक्ती त्या फटीतून हवा ओढण्यातच जाते. त्यात घर ते दुकान अंतर अडीच किलोमीटर. इंजिन तापते न तापते तोच मुक्काम. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागते आणि प्रत्येक सिग्नलला दीड टनाचे धूड शून्यातून हलवावे लागते. नंतरच्या साडेतीन लिटरच्या इंजिनात होंडाने गरज नसेल तेव्हा काही सिलिंडर बंद ठेवण्याची सोय आणली, ती याच दुखण्यावरचा उपाय म्हणून. अण्णांच्या गाडीला ती नाही. त्यांनी दुकानाला जाण्यासाठी नातवाची स्कूटर घेतली आणि मोटार शहरात फक्त माईंच्या तपासणीपुरती, आठवड्यातून एकदा, त्याच फेरीत बँक, औषधे व बाजार उरकून वापरायची असे ठरले.

प्रवासाच्या बाजूला मात्र एक चूक वाटेत वाट पाहत होती, आणि तिचे मूळ वडिलांच्या गाडीत होते.

आपल्या समाजातील वाचकांना वालचंद हिराचंद यांचे नाव सांगावयास नको. सोलापूरच्या या उद्योगपतीने १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ अशा मोटारी बाहेर पडू लागल्या. त्यांतली डॉज किंग्जवे ही सहा सिलिंडरची, साडेतीन लिटरांहून मोठ्या इंजिनाची प्रशस्त गाडी. अण्णांच्या वडिलांनी तशी एक जुनी घेतली होती आणि अण्णा गाडी शिकले ते तिच्यावर. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली, तीन डॉलरच्या आसपास असलेले पिंप जानेवारी १९७४ पर्यंत साडेअकरा डॉलरांच्या पुढे गेले, आणि आपल्याकडे या थोरल्या मोटारींचे दिवस फिरले. कोणी त्यांत डिझेल इंजिन बसवले, कोणी आच्छादन घालून त्या वाड्यात उभ्या केल्या. रस्त्यावर टिकली ती त्याच कुर्ल्याच्या कारखान्यातली १०८९ घनसेंटिमीटरची फियाट.

त्या टंचाईच्या दिवसांत वडील घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकत. कार्बोरेटरच्या इंजिनात त्याने थोडी बचत होई, हे खरे. अण्णांचा हात पन्नास वर्षांनंतरही फोंडाघाटाच्या माथ्यावर आला की आपोआप गिअरच्या दांड्याकडे जाई. दुसऱ्या फेरीनंतर उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी चाक काढले, ब्रेकचे पॅड पाहिले आणि विचारले, “अण्णा, घाट न्यूट्रलमध्ये उतरवता काय?” पॅड जळून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. मागे माई बसलेल्या असतात, एवढेच मेस्त्री पुढे म्हणाले.

आजच्या इंजिनात गणित उलटे झाले आहे, हे पुष्कळ जुन्या चालकांना ठाऊक नसते. गाडी गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की उतारावर चाकेच इंजिन फिरवतात आणि पेट्रोलचा पुरवठा पूर्ण थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःला जिवंत ठेवण्यासाठी पेट्रोल जाळीत राहते. तीन लिटरचे इंजिन असे नुसते चालू ठेवले तर तासाला लिटरभर सहज जाते. म्हणजे वीस मिनिटांच्या उतारात न्यूट्रलने वाचत काहीच नव्हते, उलट पाव लिटरहून अधिक जात होते आणि सगळा भार ब्रेकवर येत होता. उतारावर किल्ली बंद करणे तर याहून घातक. ब्रेकला व स्टीअरिंगला मिळणारी मदतच नाहीशी होते. तिसऱ्या फेरीपासून अण्णा खालच्या गिअरमध्ये घाट उतरू लागले. हाताची सवय मोडायला दोन फेऱ्या लागल्या. माईच मागून आठवण करीत.

घाटाने आणखी एक गंमत केली. दुसऱ्या फेरीत अण्णांनी उत्सुकतेपोटी कणकवलीला टाकी भरली. कोल्हापूर ते कणकवली लिटरला ९.८ पडले, अण्णा खूश. परतीला तेच अंतर ७.९ ने पडले. मुलाने डिकीतल्या नारळांच्या पोत्याकडे बोट दाखवले. पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच आहे. माणसे व सामान धरून अठराशे किलोची गाडी तेवढी वर चढवायला लागणारी शक्ती, आणि लिटरभर पेट्रोलमधून चाकांपर्यंत पोचणारा जेमतेम चौथा हिस्सा, यांचा मेळ घातला तर सव्वा लिटर पेट्रोल निव्वळ उंचीचे निघते. पन्नास किलो नारळ तेवढेच वर नेण्याचा खर्च पस्तीस मिलिलिटरच्या आत, म्हणजे दोन-तीन चमचे. पोते निर्दोष सुटले. उताराचा आकडा एकटा वाचणे म्हणजे विक्री पाहून खरेदी न पाहणे. जाणे-येणे मिळूनच हिशेब धरायचा असे वहीच्या कडेला लिहिले गेले.

वेगाचे प्रकरण अधिक घरगुती होते. अण्णा दुपारी दुकानाचे व्यवहार आटोपून एकच्या सुमारास निघत. माईंचे सूर्यास्तानंतर न जेवण्याचे व्रत. हिवाळ्यात सहाला दिवस मावळतो. मग राधानगरीपर्यंत गर्दीत अडकलेला वेळ भरून काढण्यासाठी मोकळ्या पट्ट्यात काटा शंभरावर जाई, पुढे ट्रक दिसला की करकचून ब्रेक, पुन्हा जोर. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो; ऐंशीच्या तुलनेत शंभराला तो दीडपटीहून अधिक होतो. आणि प्रत्येक ब्रेक म्हणजे विकत घेतलेल्या गतीची राख. उपाय इंजिनात नव्हता, घड्याळात होता. आता गाडी सकाळी सहाला निघते, साठ-सत्तरच्या चालीने जाते, आणि माई दुपारचे जेवण तोंडवलीत नातवंडांसोबत घेतात. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ४५ ते ५५ किलोमीटर वेग सांगत आली आहे. इतक्या मोठ्या गाडीला थोडे अधिक चालते. शिवाय टायरमधील हवा थंड असताना तपासणे, हवेची जाळी बदलणे या नेहमीच्या गोष्टी आहेतच.

तोंडवलीत मात्र जपावे लागते. घराकडे जाणाऱ्या रेताड वाटेत जड गाडी नेली की चाके जागीच फिरतात. म्हणून ती डांबरी रस्त्यालगत ठेवून सामान हाताने न्यायचे. खाऱ्या हवेत आठ दिवस उभी राहिली तर ब्रेकच्या तबकड्या गंजतात, पॅड धरून राहतात आणि गाडी ओढल्यासारखी चालते. गोड्या पाण्याने चाके धुणे व दोन दिवसांआड थोडी हलवणे, हे काम मुलीने अंगावर घेतले आहे.

चौथ्या फेरीची नोंद: ३१६ किलोमीटर, ३२.६ लिटर, लिटरला जवळजवळ ९.७. शहरातले मोटारीचे पेट्रोल ४८ लिटरांवरून ७ वर आले, स्कूटरचे ५ वाढले. महिन्याचे ९१ लिटर होते ते ४५ च्या आत. त्यातही चालवण्याच्या सुधारणेने साडेदहा लिटर वाचले आणि गाडी शहरात न काढल्याने, स्कूटर वजा जाता, छत्तीस. ई-२० पेट्रोलमुळे बसणारी झळ यात धरलेलीच आहे. इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, तेव्हा वीस टक्के मिसळीने सहा-सात टक्के ताकद कमी होणारच. इतक्या जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांकडेही लक्ष ठेवा, असे मेस्त्रींनी बजावले आहे.

मुलाने वही पाहिली आणि व्यापाऱ्याच्या मुलाने विचारावा तो प्रश्न विचारला: नवी लहान गाडी निम्म्या पेट्रोलवर चालेल, त्याचे काय? अण्णांनी शंभर रुपये लिटर धरून मांडले. मोटारीचे वर्षाचे पेट्रोल ४७५ लिटर, सुमारे साडेसत्तेचाळीस हजार. निम्मे वाचले तर चोवीस हजारांच्या आत. दहा लाखांच्या नव्या गाडीचे नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच नव्वद हजारांच्या घरात, घसारा वेगळा. कमी धावणाऱ्या गाडीत पेट्रोलपेक्षा भांडवल महाग पडते. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर धावायचे असते तर हेच गणित नव्या गाडीच्या बाजूने झुकू लागले असते, हेही त्यांनी त्याच पानावर लिहिले.

मुलाचे पुरते समाधान झालेले नाही. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी, पर्यावरण कर, विमा, मिळायला वेळ लागणारे सुटे भाग हे सारे वहीत आलेच पाहिजे, असे त्याचे म्हणणे आहे आणि ते रास्त आहे. अण्णांनी त्यासाठी चार रकाने आखले असून निर्णय मार्चअखेरपर्यंत लांबवला आहे. जानेवारीच्या फेरीची तारीख माईंनी कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवली आहे.