टूलबारवरचा छोटा बाण

टूलबारवरच्या बटणाला ड्रॉपडाऊन मेनू जोडणं हे म्हटलं तर दहा मिनिटांचं काम. क्यूटीमध्ये तर फारच सोपं. क्यूटूलबटन घ्या, सेटमेनूने मेनू द्या, झालं! पण खरा प्रश्न पुढेच आहे. बटणावर क्लिक केल्यावर व्हायचं काय?

क्यूटीकडे याची तीन उत्तरं आहेत. पहिलं, डिलेड पॉपअप. बटण दाबून धरलं तरच मेनू उघडतो, नुसत्या क्लिकने बटणाचं नेहमीचं काम होतं. क्यूटूलबटनला काहीच सांगितलं नाही तर ते हेच धरतं. ब्राउजरच्या 'मागे' बटणाला हे शोभतं, इतरत्र मात्र आत मेनू आहे हे कुणाला कळतच नाही. दुसरं, इन्स्टंट पॉपअप. क्लिक केलं की थेट मेनू, बटणाला स्वतःचं काम नाही. तिसरं, मेनूबटन पॉपअप. मोठ्या भागाने काम, शेजारच्या बाणाने मेनू.

आमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'छापा' बटणाखाली तीन गोष्टी हव्या होत्या: बिल, डुप्लिकेट प्रत आणि दिवसाचा हिशोब. तिसऱ्या प्रकारावर एकमत झालं. तेवढ्यात टीममधला मित्र म्हणाला, "अरे, शेवटचं जे निवडलं तेच बटणावर येऊ दे ना, एक क्लिक वाचेल!"

वर्डमध्ये अक्षरांच्या रंगाचं बटण असंच चालतं, आणि तिथे ते ठीकच आहे. रंग चुकला तर लगेच दिसतो, बदलता येतो. पण गल्ल्यावरच्या माणसाचं लक्ष गिऱ्हाईकाकडे असतं, हात सवयीने चालतो. एकदा डुप्लिकेट काढली की पुढच्या गिऱ्हाईकाच्या हातात पहिलंच बिल 'डुप्लिकेट' म्हणून पडणार. मग भांडा! कागद परत प्रिंटरमध्ये जात नाही. शेवटी मोठा भाग कायम बिलच छापेल असं ठरलं.

राहता राहिला तो बाण. लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका तिथे पोचायला वेळ जास्त, हे पॉल फिट्सने १९५४ सालीच मांडलंय. म्हणून तिन्ही क्यूॲक्शन वरच्या मेनूबारमध्येही टाका, शॉर्टकटसकट. एकच क्यूॲक्शन दोन्हीकडे चालतो, त्यामुळे एकदा बंद केला की दोन्हीकडे बंद दिसतो.

तर मंडळी, बटणाला बाण लावण्याआधी एवढंच ठरवा: न बघता दाबलं तर काय झालेलं चालेल? तेच मोठ्या भागावर ठेवा. बाकी सगळं बाणाखाली.